घरचा डीव्हीडी रेकॉर्डर बिघडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी नातेवाइकांच्या, सोसायटीतल्यांच्या आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या व्हीएचएस कॅसेटी उतरवून देतोय. आधी डीव्हीडीवर द्यायचो, आता पेन ड्राइव्हवर देतो. लग्न, मुंज, बारसं, साठीशांत, शाळेचं स्नेहसंमेलन, बहुतेक कॅसेटींत हेच असतं. या कामामुळे डीव्हीडी रेकॉर्डर, म्हणजे टीव्हीचं किंवा व्हीसीआरचं चित्र डिस्कवर भरणारं यंत्र, बिघडल्याचे फोन सतत येतात आणि प्रश्नही तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

एक गोष्ट पुढे वारंवार येणार आहे, ती आधीच सांगतो. यंत्राच्या आधी त्यात अडकलेलं चित्रीकरण वाचवा. रेकॉर्डर कुठून तरी दुसरा मिळेल, पण मांडवात बसून मुंडावळ्या बांधणारी आजी त्या एका डिस्कवरच असते.

रेकॉर्डर बिघडलाय. सगळ्यात आधी काय करू?

बटणं दाबत बसू नका. खासकरून ‘फॉरमॅट’, ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘रिसेट’ असं काही पडद्यावर आलं तर ‘हो’ म्हणू नका. रेकॉर्डरला डिस्क नीट वाचता आली नाही की तो तिला कोरी समजतो आणि फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. भरलेल्या आरडब्ल्यू (पुसून पुन्हा भरता येणाऱ्या) डिस्का किंवा हार्डडिस्क पुसल्या जाण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय.

मग दोन गोष्टी पाहा. एक, यंत्रात हार्डडिस्क आहे का, आणि तिच्यात अजून न उतरवलेलं काही आहे का. दुसरी, घरात फायनलाइझ न केलेल्या डिस्का किती आहेत. यंत्र अर्धवट का होईना चालत असेल, म्हणजे दहादा प्रयत्न केल्यावर एकदा चालू होत असेल, तर चालू झाल्यावर ते बंद न करता हीच दोन कामं उरकून घ्या. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

फायनलाइझ म्हणजे नेमकं काय? मी कधी केलंच नाही.

पुष्कळांनी केलेलं नसतं, कारण त्याच रेकॉर्डरवर डिस्क मजेत चालते. रेकॉर्डर डिस्कवर चित्र लिहितो, पण त्याची अनुक्रमणिका पूर्ण करत नाही, कारण तुम्ही पुढे आणखी भर घालाल अशी त्याची अपेक्षा असते. फायनलाइझ केल्यावर ती अनुक्रमणिका पक्की होते, डिस्कच्या सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लिहून बंद होतो, आणि मग ती इतर प्लेअरमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उघडते. हे काम रिमोटवरच्या सेटअप किंवा डिस्क मॅनेजमेंटच्या मेन्यूत मिळतं. काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात लाइट जाता कामा नये.

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर या एकदाच भरता येणाऱ्या डिस्कांना फायनलाइझ करावंच लागतं. डीव्हीडी+आरडब्ल्यूला सहसा लागत नाही. डीव्हीडी-आरडब्ल्यू ‘व्हिडिओ मोड’मध्ये भरली असेल तर करावं लागतं. ‘व्हीआर मोड’मधली, म्हणजे रेकॉर्डरवर नंतर काटछाट करता यावी अशा पद्धतीने भरलेली डिस्क व्हीआर समजणाऱ्या प्लेअरवर तशीही चालते, बाकी ठिकाणी अडते. डीव्हीडी-रॅमला याची गरज नाही, पण ती वाचणारे प्लेअरच मुळात कमी.

रेकॉर्डर पूर्ण बंद पडला आणि डिस्का फायनलाइझ झालेल्या नाहीत. गेलं का सगळं?

नाही. हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण रडकुंडीला आलेले असतात, म्हणून आधी हेच सांगतो. चित्र डिस्कवर आहे, फक्त त्याचा पत्ता लिहिलेला नाही.

डीव्हीडी रायटर असलेल्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क घाला. विंडोज ती रिकामी दाखवेल किंवा ‘ही डिस्क कशी वापरायची आहे’ असं विचारेल. ती खिडकी रद्द करा. मग आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर वापरा. ते अनुक्रमणिकेवर विसंबून न राहता डिस्कवरचे विभाग थेट वाचतं आणि व्हिडिओचे तुकडे शोधून काढतं. आधी फुकट आवृत्तीत डिस्क उघडून आत काही दिसतंय का ते बघा आणि मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवा. पहिलं काम म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज फाइल, हार्डडिस्कवर घेणं. पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेवर करायची आणि मूळ डिस्क कव्हरात ठेवून द्यायची. ओरखडलेली डिस्क दर वेळी फिरवली की आणखी कुरकुरते.

एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्यात घालून बघा. माझ्याकडे तीन वेगवेगळे ड्राइव्ह आहेत ते याचसाठी. शेजारच्या काकूंच्या डोहाळजेवणाची डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हने तीनदा नाकारली होती. जुन्या डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हने चाळीस मिनिटं घेतली, पण पूर्ण वाचली. ओटी भरताना मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं, तो आवाज कुणाचा हे काकूंनी दोन ओळी ऐकूनच ओळखलं.

आणखी एक मार्ग म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला रेकॉर्डर कुणाकडे असेल तर त्यावर फायनलाइझ करून पाहणं. पुष्कळदा जमतं. पण ज्यात हरवण्यासारखं काही आहे ती डिस्क आधी कॉम्प्युटरवर वाचून घ्या, हा प्रयोग त्यानंतर.

यंत्र चालूच होत नाही, किंवा ‘हॅलो’ नाहीतर ‘प्लीज वेट’ दाखवून तिथेच अडकतं.

दोन वेगवेगळी दुखणी एकाच लक्षणात लपलेली असतात, म्हणून क्रमाने जा.

आधी प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पुन्हा लावा. डिस्क आत असेल आणि ट्रे उघडत असेल तर ती बाहेर काढा. कधी कधी खराब डिस्क वाचण्याच्या प्रयत्नात यंत्र अडकलेलं असतं. हार्डडिस्कवालं यंत्र असेल तर तेही हार्डडिस्क वाचायला झगडत असू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

हे करूनही फरक पडला नाही तर माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर. या यंत्रांच्या सप्लायमध्ये पाच-दहा छोटे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग असतात, पाकिटातल्या सेलसारखे उभे, वर चांदीसारखा पत्रा. यंत्र वर्षानुवर्षं स्टँडबायवर असतं, बंद शोकेसमध्ये, वर सेट टॉप बॉक्स ठेवलेला. त्या उष्णतेने कंडेन्सरच्या आतला द्रव हळूहळू आटतो. धारणाशक्ती घटते, अंतर्गत अवरोध वाढतो, आणि यंत्राला चालू होताना जो झटका हवा असतो तो मिळत नाही. म्हणून ते ‘हॅलो’ म्हणतं, दमतं आणि परत सुरुवातीला येतं. हिवाळ्याच्या सकाळी चालू न होणारं आणि हेअर ड्रायरने किंचित गरम केल्यावर चालू होणारं यंत्र असेल तर कंडेन्सरच गेलाय असं जवळजवळ धरून चाला.

माझ्या स्वतःच्या रेकॉर्डरचं झाकण मी पहिल्यांदा काढलं तेव्हा जे दिसलं ते सांगतो. सप्लायच्या पट्टीवर चार कंडेन्सर एका ओळीत होते. तिघांची डोकी सपाट, नाण्यासारखी. चौथ्याचं डोकं भाकरी तव्यावर फुगावी तसं वर आलेलं, आणि वरच्या खाचेतून तपकिरी रंगाचं काहीतरी झिरपून सुकलेलं. मूल्य होतं १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट. तेवढा एकच बदलला असता तरी यंत्र चालू झालं असतं, पण मी चारही बदलले, कारण सगळे एकाच वयाचे आणि एकाच उन्हाळ्यातून गेलेले. पुढे ते यंत्र सहा वर्षं चाललं.

बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. व्होल्टेजचा तोच किंवा जास्त चालतो, कमी अजिबात नाही. ८५ अंशांचा न घेता १०५ अंशांचा घ्या आणि दुकानदाराला ‘लो ईएसआर’, म्हणजे अंतर्गत अवरोध कमी असलेला, म्हणून सांगा. धन-ऋण टोकं उलटी लागली तर तो फुटतो, म्हणून जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता इशारा, आणि तो मनापासून आहे. त्याच पट्टीवर एक मोठा कंडेन्सर असतो, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज सरळ केल्यावर त्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. मल्टिमीटरने तो उतरलाय हे तपासता येत नसेल तर झाकण उघडू नका. हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला येतं.

यंत्र चालू होतं, पण डिस्क वाचत नाही. ‘नो डिस्क’ दाखवतं.

कुठली डिस्क वाचत नाही ते आधी शोधा, म्हणजे निम्मं निदान झालं. दुकानातली छापील सिनेमाची डीव्हीडी, घरी भरलेली आर, घरी भरलेली आरडब्ल्यू आणि गाण्यांची सीडी अशा चार डिस्का घालून पाहा. छापील एकपदरी डीव्हीडी पडलेल्या प्रकाशाचा ४५ ते ८५ टक्के भाग परत फेकते, आरडब्ल्यू फक्त १८ ते ३०. त्यामुळे लेन्सवर धूळ बसली किंवा लेझर थकला की सगळ्यात आधी आरडब्ल्यू नाकारली जाते आणि छापील डिस्क सगळ्यात शेवटी. फक्त सीडी वाचत नसेल तर गोष्ट वेगळी. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीचा ७८० चा असतो. एक जाऊन दुसरा शाबूत राहू शकतो आणि तुम्हाला सीडी नको असेल तर तो बिघाड सोडूनही देता येतो.

लेन्स साफ करायची तर ब्रश लावलेली क्लीनिंग डिस्क रेकॉर्डरमध्ये घालू नका. रेकॉर्डरची लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते आणि ब्रशचा फटका तिला सहन होत नाही. झाकण काढून, प्लग काढलेला असताना, कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून, जराही दाब न देता मधून बाहेर अशी एकदाच फिरवा. मग कोरड्या काडीने एकदा. अत्तर, सॅनिटायझर, चष्म्याचं लिक्विड यांतलं काहीही नको. झाकण उघडं ठेवून यंत्र चालू करून लेन्सकडे डोळा लावून बघणं तर कधीच नाही. लिहिणारा लेझर वाचणाऱ्यापेक्षा कितीतरी पट जोरकस असतो आणि डोळ्याला इजा होताना कळतसुद्धा नाही.

जुन्या डिस्का छान चालतात, पण नवीन रेकॉर्डिंग होत नाही किंवा मध्येच तुटतं.

लिहायला वाचण्यापेक्षा खूप जास्त शक्ती लागते, त्यामुळे थकलेला लेझर लिहिण्यातून आधी बाद होतो. पण तो निष्कर्ष काढण्याआधी डिस्क बदला. एकाच पुडक्यातल्या दहा डिस्का घालून ‘दहाही गेल्या’ म्हणणं हा पुरावा नाही, ते पुडकंच खराब असू शकतं. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या प्रकारची घ्या. आर चालत नसेल तर आरडब्ल्यू वापरून बघा, वजावाली चालत नसेल तर अधिकवाली. बाजारात आता १६ पट वेगाच्या डिस्का मिळतात, आणि २००३-०४ च्या सुमाराचे काही रेकॉर्डर त्या ओळखतच नाहीत. यंत्राच्या पुस्तिकेत कुठला वेग चालतो ते दिलेलं असतं.

रेकॉर्डिंग सुरूच होत नसेल आणि ‘कॉपी प्रोटेक्टेड’ असा संदेश येत असेल तर यंत्र ठणठणीत आहे. विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटींवर मॅक्रोव्हिजनचं संरक्षण असायचं आणि रेकॉर्डर ते पाळतो. पण घरी काढलेल्या कॅसेटलाही हा संदेश आला तर चक्रावून जाऊ नका. टेप झिजली की तिचा सिग्नल इतका डळमळतो की रेकॉर्डरला तो संरक्षणाचाच वाटतो. व्हीसीआरचं ट्रॅकिंग हलवून पाहा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावून पाहा.

आणि शेवटचं, रेकॉर्डिंगचा दर. एका ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपीमध्ये एक तास, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार आणि ईपीमध्ये सहा तास बसतात. लग्नाची तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर बसवायला लोक एलपी लावतात आणि मग चेहरे चौकटी-चौकटींचे झाले की रेकॉर्डर बिघडला म्हणतात. दोन डिस्का वापरा, एसपीच्या खाली जाऊ नका.

ट्रे उघडत नाही.

बहुतेकदा आतला छोटा रबरी बेल्ट सैल पडलेला असतो. मोटरचा घूं-घूं आवाज येतो आणि ट्रे हलत नाही, ही त्याची खूण. बेल्ट आणि त्याची चाकं अल्कोहोलने पुसली की काही महिने निघतात. नवीन बेल्ट स्वस्त असतो, मापाचा मात्र हवा, म्हणून जुना सोबत घेऊन जा. पॅनासोनिकच्या बऱ्याच मॉडेलांत यंत्र बंद असताना यंत्रावरची स्टॉप आणि चॅनल-वर ही बटणं एकत्र पाच सेकंद दाबून धरली की ट्रे उघडतो. काही ड्राइव्हना पुढे टाचणीएवढं छिद्र असतं. प्लग काढून त्यात सरळ केलेली कागदाची पिन सरळ आत दाबा. चाकूने ट्रे उचकटू नका.

टीव्हीवर फक्त मुंग्या दिसतात, किंवा चित्र काळं-पांढरं येतं.

मुंग्या म्हणजे तुम्ही रेकॉर्डरच्या ट्यूनरवर आहात. तो ट्यूनर ॲनालॉग सिग्नलसाठी बनवलेला होता. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत १ एप्रिल २०१३ पासून केबल डिजिटल झाली, आणि दूरदर्शनचे छपरावरच्या अँटेनाने मिळणारे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटरही मार्च २०२२ पर्यंत बंद झाले. ट्यूनर बिघडलेला नाही, त्याला ऐकायला काही उरलेलं नाही. रिमोटवरचं इनपुट बटण दाबून एल१, एल२ किंवा एव्हीवर जा आणि सेट टॉप बॉक्स किंवा व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर त्या जागी लावा.

काळं-पांढरं किंवा गुंडाळत जाणारं चित्र असेल तर सेटअपमध्ये पाल आणि एनटीएससी तपासा. आपल्याकडची पद्धत पाल. अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते आणि तिला तशी सेटिंग लागते. पिवळी पिन चुकून हिरव्या भोकात गेली तरीही रंग जातात. हसण्यावारी नेऊ नका, मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

माझ्या यंत्रात हार्डडिस्क आहे आणि ती टकटक आवाज करते.

आज रात्रीच कामाला लागा. जे अमूल्य आहे ते आधी, आणि मालिका-सिनेमे शेवटी किंवा नाहीच. ‘हाय-स्पीड डबिंग’, म्हणजे हार्डडिस्कवरून डीव्हीडीवर वेगात प्रत काढण्याची सोय, मिळत असेल तर ती वापरा. त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही आणि वेळही वाचतो. एखादं शीर्षक डबिंगला अडत असेल तर ते नुसतं चालवा आणि रेकॉर्डरच्या एव्ही आउटमधून कॉम्प्युटरवर घ्या.

ती हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर विंडोजला काही दिसणार नाही, कारण त्यावरची फाइल रचना प्रत्येक कंपनीची स्वतःची असते. विंडोज ‘इनिशियलाइझ करू का’ विचारेल. पुन्हा तेच, नाही म्हणा. बिघडलेल्या हार्डडिस्कची सेक्टर-टू-सेक्टर प्रत त्याच आकाराच्या किंवा मोठ्या चांगल्या डिस्कवर घेऊन ती रेकॉर्डरमध्ये लावल्यावर काही मॉडेलं चालतात, काही नव्या डिस्कला ओळख देत नाहीत. त्यामुळे डिस्क अजून फिरतेय तोवर डबिंग हाच भरवशाचा रस्ता.

दुरुस्तीला टाकावा का?

सप्लाय, बेल्ट, लेन्सची सफाई, सैल झालेलं सोल्डर यासाठी जरूर टाका. लेझर किंवा पूर्ण ड्राइव्ह गेला असेल तर मी टाकत नाही. कॉम्प्युटरचा डीव्हीडी रायटर आत बसवता येईल असं पुष्कळांना वाटतं, कारण जोडणी तशीच दिसते. पण रेकॉर्डरचं सॉफ्टवेअर ठरावीक ड्राइव्हच स्वीकारतं, आणि तो ड्राइव्ह मिळाला तरी जुनाच असतो, तुमच्या ड्राइव्हसारखाच थकलेला लेझर घेऊन.

सुटे भाग पाहायला मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अजूनही धुंडाळण्यासारख्या जागा आहेत. कंडेन्सर आणि बेल्ट तिथे सहज मिळतात. मेकॅनिककडे यंत्र देताना आतली डिस्क काढून घ्या, आणि हार्डडिस्क असेल तर ‘फॉरमॅट करायचं नाही’ असं कागदावर लिहून झाकणाला चिकटवा. तोंडी सांगितलेलं दुकानातल्या पोऱ्यापर्यंत पोचत नाही. एका ओळखीच्यांची दोन वर्षांची रेकॉर्डिंग अशी एका दुकानात पुसली गेली. सप्लाय उत्तम दुरुस्त झाला होता.

नवीन डीव्हीडी रेकॉर्डर मिळेल का?

आपल्याकडच्या दुकानात आता मिळत नाही असंच समजा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये ते काम थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्का आणि मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल) कॅसेटी बनवणं बंद केलं. हे सगळं आवरत चाललंय.

वापरलेला घ्यायचा तर स्वतःची कोरी डिस्क घेऊन जा. विकणाऱ्यासमोर दहा मिनिटं रेकॉर्ड करा, फायनलाइझ करा आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा. नुसता सिनेमा चालवून दाखवला तर समाधान मानू नका, त्याने फक्त वाचणारा लेझर सिद्ध होतो. रिमोट मूळचाच हवा, कारण फायनलाइझचा मेन्यू पुष्कळदा फक्त त्यावरूनच उघडतो. परदेशातून आणलेलं यंत्र असेल तर मागची पट्टी वाचा. तिथे ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर थेट आपल्या प्लगमध्ये लावायचं नाही.

मग रेकॉर्डरऐवजी काय वापरू?

यूएसबी कॅप्चर स्टिक आणि कॉम्प्युटर. व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर स्टिकला, स्टिक लॅपटॉपला, आणि ओबीएस किंवा व्हर्च्युअलडबसारखं सॉफ्टवेअर. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पाल. फुल एचडीवर ताणून रेकॉर्ड करू नका. व्हीएचएसमध्ये तेवढा तपशील नसतो, फाइल मात्र फुगते. मूळ प्रत इंटरलेस्डच, म्हणजे टेपवर असते तशी एकाआड एक ओळींच्या अर्ध्या-अर्ध्या चित्रांची ठेवा आणि बघण्यासाठी वेगळी डिइंटरलेस केलेली, म्हणजे त्या ओळी जुळवून पूर्ण फ्रेम केलेली एमपी४ काढा. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर स्टिक वापरू नका. ती मुळातच डिजिटल असते, कॅमकॉर्डरपासून कॉम्प्युटरला जाणाऱ्या फायरवायर या डिजिटल केबलने जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण १३ जीबी.

स्वस्त स्टिकचा खरा त्रास म्हणजे झिजलेल्या टेपवर ती फ्रेम गाळते, आणि अर्ध्या तासाने भटजींचे ओठ पुढे आणि मंगलाष्टकं मागे अशी अवस्था होते. डीव्हीडी रेकॉर्डर यात फार चांगले होते. डळमळता सिग्नल आत घेऊन ते त्याला शिस्त लावतात आणि मगच पुढे पाठवतात.

म्हणूनच ड्राइव्ह मेलेला रेकॉर्डर टाकू नका. तो चालू होत असेल आणि एल१ वरचं चित्र आउटपुटला देत असेल तर व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये त्याला बसवा. व्हीसीआरमधून रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरच्या आउटपुटमधून स्टिकला. डिस्क लागतच नाही. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ हे जुने रेकॉर्डर आज जगभर लोक शोधतात ते फक्त या कामासाठी. इतर मॉडेलांचा गुण कमी-जास्त असतो. एकाच कॅसेटची पाच मिनिटं थेट आणि पाच मिनिटं रेकॉर्डरमधून घेऊन पाहा. वरच्या बाजूला वाकलेल्या उभ्या रेषा, दाराची चौकट किंवा मांडवाचा खांब, सरळ झाल्या तर तुमचं यंत्र कामाचं आहे.

कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. लावू का?

लावू नका. कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या कॅसेटींत हे फार असतं. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी किंवा जाळी दिसते. ती व्हीसीआरच्या हेडवर बसली की चित्र जातं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच लागण होते. बुरशीची कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, कोरड्या हवेत राहू द्या आणि टेप साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या.

भरलेल्या डीव्हीडी किती वर्षं टिकतात?

एक आकडा सांगता येत नाही. आर प्रकारच्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तो ऊन, उष्णता, दमट हवेने विरतो. एकाच कपाटातल्या दोन कंपन्यांच्या डिस्कांची गत वेगवेगळी झालेली मी पाहिली आहे. म्हणून टिकतील का याची वाट न बघता आत्ताच हार्डडिस्कवर उतरवा. फायनलाइझ झालेली डिस्क असेल तर आतलं ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर अख्खं कॉपी केलं तरी चालतं, व्हीएलसीमध्ये ते तसंच उघडतं. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात, भावाकडे नाहीतर मुलीकडे. डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका. तो उचकटला की वेगात फिरताना तोल जातो.

यंत्र टाकून द्यायचंच ठरवलं तर?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही आणि शक्यतो दारावरच्या भंगारवाल्यालाही नाही. सर्किटमध्ये शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रं असं सामान घेतात. हार्डडिस्क असेल तर आधी काढून घ्या.

आणि ट्रे उघडून बघा. लाइट लागत नसली तरी झाकणाचे स्क्रू काढून, ड्राइव्हखालचं प्लास्टिकचं चाक बोटाने फिरवलं की ट्रे बाहेर येतो. मागच्या गणपतीत सोसायटीच्या गेटवर एक बंद रेकॉर्डर ई-कचऱ्याच्या गाडीची वाट बघत पडला होता. मालकांना विचारून मी तो घरी नेला आणि उघडला. आत एक आरडब्ल्यू होती, पेनने तिच्यावर लिहिलेलं ‘दादांचं सहस्रचंद्रदर्शन, भाग २’. भाग १ त्यांच्या कपाटात होता. दुसरा काढलाच गेला नाही, असं ते सगळे अकरा वर्षं धरून चालले होते.